पान्हा कुणाच्या हातात?

पुण्यात दोन-चार वर्षं काढलेल्या कुणालाही पेपरातली एक बातमी पाठ असते. गुरुवारी अमुक अमुक भागाचा पाणीपुरवठा देखभाल-दुरुस्तीसाठी बंद, शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येणार. आपण ती वाचतो, बादल्या भरतो आणि विसरून जातो. त्यातल्या 'देखभाल-दुरुस्ती' या शब्दाकडे कुणाचं लक्ष जात नाही. धरणांवर जाडजूड ग्रंथ निघतात, कालव्यांच्या उद्घाटनाच्या कोनशिला बसतात, पण वॉशर बदलणाऱ्याचा इतिहास कुणी लिहीत नाही. आपल्या धंद्यातही वेगळं काय होतं म्हणा. रिलीजच्या दिवशी केक कापला जातो आणि सपोर्टवाल्याला रात्री दोन वाजता फोन जातो :)

तर मंडळी, या वीकेंडला पाण्याच्या दुरुस्तीचा इतिहास. नळ नंतर येईल, आधी हापसा. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: हापसा म्हणजे हातपंप. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे 'हातपंप' हा शब्द सरकारी कागदावर असतो, बायका पाणी आणायला जातात त्या हापशावर.

आधी नकाशा उघडा. धाराशिव शहराच्या (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद) उत्तरेला, बालाघाटच्या डोंगरात येडशी आहे. जवळच घाटात रामलिंगाचं देऊळ आहे, आजूबाजूला अभयारण्य आहे, पावसाळ्यात धबधबा पाहायला गर्दी होते. सोलापूर-धुळे महामार्ग येडशीवरून जातो. दक्षिणेला निघालात तर सोलापूर. उत्तरेला निघालात तर बीड, आणि तिथून पुढे वाट वाकडी करून जालना. या रस्त्याच्या दोन टोकांना, म्हणजे सोलापुरात आणि जालन्यात, अशा एका यंत्राची जुळवाजुळव झाली ज्याच्यावर पुढे निम्म्या जगातल्या खेड्यांनी पाणी भरलं. शिवाय येडशीला रेल्वे स्टेशन आहे. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली ती येडशीवरूनच. आता तिथे ब्रॉडगेज आहे. या रुळांवरून २०१६ साली काय गेलं ते पुढे सांगतो.

हापशाच्या आधी

पूर्वी गावाला पाणी द्यायचे ते आड, विहीर आणि बारव. आडातून पोहऱ्याने शेंदायचं, बारवेत पायऱ्या उतरून घागर बुडवायची. या सगळ्याची देखभाल म्हणजे उन्हाळ्यात गाळ काढणं. पाणी तळाला गेलं की माणसं आत उतरायची, टोपल्यांनी गाळ वर यायचा, पडलेला दगड परत बसवला जायचा. त्याला स्पेअर पार्ट लागत नव्हता आणि बाहेरचा मेकॅनिकही लागत नव्हता.

मात्र हे चित्र फार सोनेरी रंगवायचं कारण नाही. गावच्या आडावर कुणी पाणी शेंदायचं हे जात ठरवत होती. महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, हे शाळेत सगळेच शिकलोय. दुसरी गोष्ट नारूची. बारवेत पाय बुडवून पाणी भरायचं, ज्याच्या पायाला नारू झालाय त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव त्या खायचा, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा कृमी तयार व्हायचा. यावर औषधही नाही आणि लसही नाही. १९८३-८४ मध्ये भारताने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातला घरासाठीचा सल्ला असा होता, की पिण्याचं पाणी बारीक विणीच्या कापडातून गाळा. सायक्लॉप्स कापडावर अडकतो. सोबत पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा त्यांची रचना बदलणं आणि बोअरवर हापसे बसवणं. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. 'पाणी गाळून प्या' हे आजीचं वाक्य आपण ज्या सुरात ऐकतो, त्यापेक्षा त्याची कर्तबगारी बरीच मोठी आहे.

बहात्तरचा दुष्काळ

आता १९७२. मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरकडे अजूनही वयं या दुष्काळावरून मोजतात: "बहात्तरच्या दुष्काळात मी दुसरीत होतो." १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच आला. अन्न बाहेरून आणता येत होतं, पाणी आणणं कठीण होतं. आड आटले, विहिरी आटल्या.

आपल्या पायाखाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये जे काही मुरतं तेवढंच पाणी. हाताने खोदलेली विहीर वरच्या थरापुरती. त्याखालच्या भेगांपर्यंत जायचं तर कातळ फोडणारं यंत्र हवं. हवेच्या दाबावर हातोड्यासारखे ठोके मारत खाली जाणाऱ्या रिग या काळात आल्या. युनिसेफने मदत केली, सरकारी यंत्रणा उभ्या राहिल्या. जिथे विहीर खोदायला महिने लागायचे तिथे एक-दोन दिवसांत सहा इंची भोक तयार. प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

पण भोकातून पाणी वर कसं काढायचं? गावोगाव वीज नव्हती. म्हणून हातपंप बसवले. ते होते ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांतल्या पंपांची नक्कल. तिकडे असा पंप एका कुटुंबाला दिवसाकाठी काही बादल्या देणार. इकडे त्याच पंपापुढे पहाटेपासून रात्रीपर्यंत घागरींची रांग. सिंगल-युझर सिस्टिमवर अख्खं गाव लॉगिन झालं. सांधे ढिले झाले, बोल्ट पडले, ओतीव लोखंड तडकलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली तेव्हा कुठल्याही वेळी दर चार पंपांमागे तीन बंद असल्याचं दिसलं.

हा आकडा वाचून क्षणभर थांबा. कातळ फोडण्याचं अवघड काम झालं होतं, खाली पाणी होतं, वर पंप होता. तरीही बायका डोक्यावर हंडे घेऊन जुन्याच वाटेने चालत होत्या, कारण एखादा बोल्ट तुटला होता आणि तो बदलायचा कुणी हे ठरलेलं नव्हतं.

सोलापूर आणि जालना

जालन्यात स्कॉटिश चर्चच्या मिशनने गावांमध्ये बोअर घेण्याचं काम चालवलं होतं. सोलापुरात 'सोलापूर वेल सर्व्हिस' नावाची कार्यशाळा होती. बंद पडलेल्या पंपांचा अनुभव दोन्हीकडे पुरेसा होता. त्यातून जे पंप तयार झाले त्यांना 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' अशीच नावं पडली. ओतीव लोखंडाच्या ऐवजी वेल्डिंग केलेलं पोलाद आलं. सगळीकडे खिळखिळ्या होणाऱ्या अनेक सांध्यांच्या ऐवजी एकच फिरता सांधा, बेअरिंगवर. दांड्याच्या पुढच्या टोकाला कमानीसारखा तुकडा आणि त्यावरून लोंबणारी साखळी, म्हणजे दांडा कमानीत फिरला तरी रॉड सरळ वर-खाली होणार. हापशाचं डोकं उघडं असताना कधी पाहिलंत तर ही साखळी नीट बघा. सायकलच्या दुकानातल्या माणसाला समजेल इतकी सोपी कल्पना आहे.

युनिसेफला देशभरात टिकेल असा पंप हवा होता आणि हाती असलेल्यांत सोलापूर पंप सगळ्यात दणकट होता. तो पाया धरून मद्रासची मेराडो ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी नवं डिझाइन केलं, कोइमतूर जिल्ह्यात त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७७-७८ च्या सुमारास कारखान्यातून पंप बाहेर पडू लागले. नाव इंडिया मार्क टू. आज गावात जो हापसा दिसतो तो बहुतेक हाच किंवा याचा धाकटा भाऊ.

आपल्यासारख्या लोकांना आवडेल अशी बाब म्हणजे, याचं डिझाइन कुणाच्या मालकीचं ठेवलं नाही. १९७९ मध्ये भारतीय मानक निघालं, आयएस ९३०१. मापं ठरलेली, तपासणी ठरलेली, कुणीही कारखाना काढावा आणि बनवावं. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या पंपाला बसला पाहिजे. 'ओपन सोर्स' हा शब्द रूढ होण्याच्या वीस वर्षं आधी! पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत हाच पंप गेला.

वायसरचं राजकारण

इतका दणकट पंप झाला म्हणजे गोष्ट संपली असं वाटेल. खरी इथेच सुरू होते. पंपाचं वरचं डोकं मजबूत झालं, पण खाली पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनला चामड्याची वॉशर होती. गावाकडच्या भाषेत वायसर. चामडं झिजतं, ते झिजणारच. ते बदलायचं तर मार्क टूमध्ये सगळी पाइपची लाइन तुकड्या-तुकड्याने वर ओढावी लागायची. पंचवीस-तीस मीटर लोखंडी पाइप, चार-पाच माणसं, अवजारं आणि एक गाडी. दोन-चार रुपयांच्या वस्तूसाठी तालुक्याहून पथक येण्याची वाट बघायची.

तमिळनाडूत यासाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था बसवली गेली: गावात पंपाकडे लक्ष ठेवणारा माणूस, ब्लॉकला मेकॅनिक, जिल्ह्याला गाडीसकट पथक. कागदावर छान. पण गावातल्या माणसाकडे फक्त ग्रीस लावणं आणि पत्र टाकणं एवढंच होतं. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने उलटा विचार केला आणि गावातल्याच पोरांना हँडपंप मिस्त्री म्हणून तयार केलं. पुढे बायकाही शिकल्या. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९० च्या दशकात दलित आणि आदिवासी बायकांनी पान्हे हातात घेतले आणि पंप दुरुस्त केले. जिला रोज पाणी भरायचंय तिच्याच हातात पान्हा आला की 'तिकीट' पेंडिंग राहत नाही, हे वेगळं सांगायला नको.

डिझाइननेही मग हट्ट सोडला. मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, त्यामुळे पिस्टन पाइपमधूनच वर काढता येतो. पाइपलाइन उपसायची गरज नाही, गाडी नाही, दोन माणसं पुरे. चामड्याच्या जागी नायट्राइल रबर आलं. यंत्र टिकाऊ करण्यापेक्षा ते गावातच उघडता यावं याला महत्त्व द्यायला पंधरा-वीस वर्षं लागली.

पंप चालू, पाणी गायब

मग नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर वेगळीच गंमत झाली. हापसा साधारण चाळीस-पंचेचाळीस मीटरपर्यंतचं पाणी ओढतो. वीज आली, सबमर्सिबल आले, शेतात बोअर पडले आणि ते हापशाच्या कितीतरी खाली गेले. मांजरा खोऱ्यात ऊस वाढला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर नको, असं १९९३ च्या राज्याच्या कायद्यात होतं. पण शेजाऱ्याच्या बोअरवर तक्रार करायला जाणार कोण? हापशाचा वायसर नवा, बेअरिंग ठीक, साखळीला ग्रीस, आणि दांडा हलवला की नुसता खडखडाट. हा बिघाड पान्ह्याने दुरुस्त होणारा नव्हता.

त्याचं टोक २०१६ साली दिसलं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दीला बंदी करणारं १४४ कलम लागलं. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि कुर्डुवाडी, बार्शी, येडशी या वाटेने १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. लातूरची लोकसंख्या तेव्हा चारेक लाख. भागाकार करा: माणशी सव्वा लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी झाली, २५ लाख लिटर. म्हणजे माणशी सहा लिटर, एक मोठी कळशीसुद्धा भरत नाही. जलजीवन मिशनचं (२०१९) ठरलेलं माप आहे रोज माणशी ५५ लिटर.

मला या गाडीतली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती म्हणजे तिचा मार्ग. सोलापूर आणि जालना यांच्या मधल्या ज्या भागासाठी पंप घडवला गेला, त्याच भागातून, साडेतीनशेक किलोमीटर लांबून, कृष्णेचं पाणी घेऊन गाडी गेली. पंप बिघडला की कुणाला बोलवायचं ते निदान ठरत गेलं होतं. जमिनीखालच्या पाण्याची देखभाल कुणाकडे, हे ठरलंच नव्हतं.

आता घरातलं

नमनाला घडाभर तेल झालं, आता कामाचं. पाणीपुरवठा खंडित होणं हे खेड्यात आणि शहरात सारखंच नेहमीचं झालंय. पाणी जातं तेव्हा घरच एक छोटी नगरपालिका होतं: साठवण, शुद्धीकरण, वाटप सगळं आपल्याकडे. वरच्या इतिहासातून निघणाऱ्या काही गोष्टी, कारणांसकट:

१. पाणी बंद असताना पाइप रिकामे होतात आणि त्यातला दाब जातो. जिथे पाइप फुटलेला किंवा सांधा गळका असेल तिथून बाहेरचं गढूळ पाणी आत शिरतं. म्हणून पाणी परत आल्यावर पहिल्या काही बादल्या पिण्याच्या भांड्यात नकोत. त्या झाडांना, फरशीला, संडासाला वापरा. फेकू मात्र नका.

२. नळाला थेट मोटर लावू नका. मोटर फक्त आपल्याकडे पाणी ओढत नाही, ती लाइनमधला दाब आणखी खाली नेते आणि गळक्या सांध्यातून घाणही ओढते. ती घाण आपल्या घरी येते आणि शेजाऱ्याच्याही. आधी टाकीत घ्या, मग वर चढवा.

३. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. कापडाने सायक्लॉप्स अडतो, कॉलरा-काविळीचे जंतू नाही. त्यामुळे क्रम असा: गाळ बसू द्या, गाळून घ्या, मग उकळा किंवा क्लोरीन टाका. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर पुरे. क्लोरीनच्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण घ्या आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो.

४. पिण्याच्या माठात हात जाऊ देऊ नका. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी. पाणी नळातून स्वच्छ येतं आणि माठात खराब होतं, असं घरोघरी घडतं.

५. आठवड्यातून एक दिवस कोरडा. पिंप, बॅरल, हौद रिकामं करून घासून उलटं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठेक दिवस लागतात, आणि अंडी कडेला चिकटलेली असतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं.

६. 'शिळं पाणी' ओतून देऊ नका. नवीन पाणी आलं की कालचं मोरीत, ही सवय पाणी रोज यायचं त्या काळातली. झाकलेलं पाणी एका दिवसात शिळं होत नाही.

७. घरात चार वॉशर, टेफ्लॉन टेप, एक पान्हा ठेवा, आणि मुख्य म्हणजे मेन व्हॉल्व कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. फक्त बाबांना नको. बाबा नेमके ऑनसाइट असतात :)

८. हापसा असेल तर भोवतालचा ओटा आणि सांडपाण्याची नाली बघा. ओट्याला तडा गेला की सांडलेलं पाणी पुन्हा बोअरमध्ये उतरतं. आणि हापसा चालू असेल तर नळ आला म्हणून तो उखडू देऊ नका. वीज गेली, मोटर जळली, तरी तो चालतो. बॅकअप म्हणजे दुसरं काय असतं?

आता मोठा प्रश्न. जलजीवनमधून घरोघर नळ आले, पण त्यामागची मोटर, टाकी, व्हॉल्व, टीसीएल पावडर हे सगळं ग्रामपंचायतीने आणि गावच्या पाणी समितीने सांभाळायचं आहे. वीजबिल भरायचं कुणी, मोटर जळली तर पैसे कुठून, व्हॉल्व फिरवणाऱ्याला महिन्याला किती द्यायचे? हापशाच्या वेळी हेच प्रश्न पंप बसवून झाल्यावर विचारले गेले, आणि तोवर चारातले तीन बंद पडले होते. पुण्यातल्या सोसायटीची तऱ्हा वेगळी नाही. लाइन कुठून कशी गेलीय हे एकट्या जुन्या प्लंबरच्या डोक्यात असतं आणि तो गावी गेला की सगळे टँकरला फोन लावतात.

तेव्हा पुढच्या सोसायटी मीटिंगला, किंवा गावी गेलात तर ग्रामसभेला, पार्किंगच्या भांडणाआधी एवढं विचारा: आपल्या पाण्याच्या लाइनचा नकाशा कागदावर आहे का, टाकी शेवटची कधी धुतली त्याची नोंद आहे का, आणि मोटर आज रात्री बंद पडली तर पान्हा घेऊन कोण येणार? शेवटच्या प्रश्नाला सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर त्याच मीटिंगमध्ये एक नाव आणि एक मानधन ठरवून उठा.